अर्खिप्पाला निरोप: विश्वासात टिकून पाचारण पूर्ण करणं



आजचा भाग खास करून नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या सेवकांसाठी आहे. पाळक, संडे स्कूल घेणाऱ्या ताई, घरोघरी प्रार्थनेला जाणाऱ्या मावश्या, ढोलकी-पेटी घेऊन भजन-कीर्तन करणारी तरुण मंडळी, सगळेच यात आले. पण इतरांनीही ऐकावं, कारण विषय सगळ्यांचा आहे. देवाने एखादं काम हाती दिलं, आपण ते आनंदाने घेतलं, आणि पाच-दहा वर्षांनी कळेना की पुढे चालावं की खाली ठेवावं. तेव्हा काय करायचं?

तुमच्याजवळ बायबल असेल तर कलस्सैकरांस पत्राचा चौथा अध्याय उघडा आणि अगदी शेवटी या, सतरावं वचन. पत्र संपत आलंय, सलाम सांगून झालेत, आणि पौल जाता जाता एका माणसाला निरोप धाडतो. त्याचं नाव अर्खिप्प. निरोप एवढाच की प्रभूमध्ये जी सेवा तुझ्याकडे आली आहे तिच्याकडे लक्ष दे, ती अर्धी ठेवू नकोस.

हा अर्खिप्प कोण? फिलेमोनाच्या पत्रात त्याचं नाव आणखी एकदा येतं, तिथे पौल त्याला सोबतचा शिपाई म्हणतो. बस्स. त्याची सेवा कोणती होती, तो का थांबला होता, पुढे त्याने ती पूर्ण केली का, यातलं काहीच शास्त्रात लिहिलेलं नाही. मला हे फार बरं वाटतं. कारण त्यामुळे ती रिकामी जागा तुमच्या-माझ्या नावासाठी मोकळी राहते.

आता हे अर्धं-पूर्ण राहण्याचं आपल्याकडे काय रूप आहे ते बघू.

मुखेड, कंधार, लोहा या भागांत ज्यांच्या मंडळ्या आहेत त्यांना हे सांगायला नको. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, जावंच लागतं. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि पोरं बरोबर. रविवारी उपासनेला चाळीस माणसं असायची ती पंधरावर येतात. संडे स्कूलला उरतात तीन-चार लेकरं, आजीपाशी ठेवलेली. कारखान्यांचा पट्टा पडला की उन्हाळ्याच्या तोंडावर माणसं परततात, तोवर मुलं गाणी विसरलेली असतात, वचनं विसरलेली असतात. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. दरवर्षी.

अशाच एका गावातल्या मावशींना मी विचारलं, "मावशी, चार महिने वर्ग बंदच का ठेवत नाही?" त्या म्हणाल्या, "पोरं नाहीत म्हणून वर्ग बंद केला, तर आल्यावर बसायचं कुठं त्यांनी?"

आणि दुसरं टोक लातूरचं. तिथे गावोगावची मुलं नीटच्या तयारीला येतात. खोली, मेस, क्लास, टेस्ट सिरीज. त्यांतली काही आपल्या मंडळ्यांतली असतात. "डॉक्टर होऊन मी मिशन दवाखान्यात सेवा करीन" असं देवाला वचन दिलेलं असतं. मग निकाल लागतो, मार्क कमी पडतात, आणि तो मुलगा किंवा मुलगी मला विचारते, "देवानेच बोलावलं होतं ना? मग दार बंद का झालं?"

या दोन्ही प्रश्नांवर बोलताना मला एकच बाई पुन्हा पुन्हा आठवते. नाव तुम्हां सर्वांना माहीत आहे: पंडिता रमाबाई. पण आपण त्यांची गोष्ट बहुतेक वेळा केडगावच्या मुक्ती मिशनपाशी थांबवतो. मोठी संस्था, हजारो स्त्रिया, संपली गोष्ट. आज मी मधले आणि शेवटचे भाग सांगणार आहे, जिथे काही संपत नव्हतं.

पहिला मुद्दा घ्या. एक दार बंद झालं म्हणजे पाचारण बंद झालं असं नाही.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे, त्यांनी बायकोला आणि लेकीला संस्कृत शिकवलं. कुटुंब तीर्थातीर्थांतून पुराण सांगत फिरायचं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. ती आणि भाऊ पायी चालत राहिले. १८७८ मध्ये कलकत्त्याला विद्वानांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. १८८० मध्ये भाऊ गेला. लग्न झालं, १८८१ मध्ये मनोरमा जन्मली, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पती कॉलऱ्याने वारले. संसार दोन वर्षंही टिकला नाही. वय तेव्हा तेवीस.

किल्लारीच्या बाजूच्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ज्यांनी एका घटकेत घरातली माणसं गमावली, त्यांना ठाऊक आहे की त्यानंतर सकाळी उठून चूल पेटवणं हेच केवढं मोठं काम असतं.

रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. कशाला? वैद्यकीचं शिक्षण घ्यायला. इथल्या स्त्रियांना स्त्री-डॉक्टर हवी, हे त्यांनी पाहिलं होतं, १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे तसं सांगितलंही होतं. आणि तिथे गेल्यावर कळलं की आपल्याला नीट ऐकू येत नाही. कान इतके कमजोर की डॉक्टर होता येणार नाही. लातूरच्या खोलीत बसून निकाल बघणाऱ्या मुला-मुलींनो, इकडे लक्ष द्या. समुद्र ओलांडून, लहान लेकरू कडेवर घेऊन ज्या दाराशी ती गेली, ते दार तिच्या तोंडावर लागलं.

त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज इथे त्यांचा आणि मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. मग त्या चेल्टनमच्या कॉलेजात शिकल्या, तिथे संस्कृत शिकवलं. १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या, १८८७ मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहिलं, व्याख्यानं दिली, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं.

बघा, काय बदललं आणि काय बदललं नाही. डॉक्टरकी गेली. देश बदलला, काम बदललं, पुढे गावही बदललं, मुंबईहून पुणे, पुण्याहून केडगाव. पण जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं ती टाकलेली, पोरकी, विधवा बाई नजरेपुढून हलली नाही. आपण काय करतो? साधनालाच पाचारण समजतो. एमबीबीएस हे साधन आहे. आजारी माणसाची सेवा हे पाचारण. ते नर्सिंगनेही होतं, फार्मसीनेही होतं, आणि रात्री कुणाच्या उशाशी बसूनही होतं. म्हणून विचारताना "मला सीट का मिळाली नाही" एवढंच विचारू नका. "प्रभू, तू मला कुणाकडे पाठवत होतास" हेही विचारा.

दुसरा मुद्दा. आपली म्हणवणारी माणसं सुटतात तेव्हा.

रमाबाई ख्रिस्ती झाल्या म्हणून पुण्यात रोष होताच. पण तिकडे इंग्लंडात ज्या धर्मभगिनींनी आसरा दिला, त्यांच्याशीही त्यांचे खटके उडाले. चर्च सांगतं म्हणून डोळे मिटून मानायचं, हे त्यांना पटेना. स्वतः शास्त्र वाचून पटलं तरच मानणार, असं त्या पत्रांतून स्पष्ट लिहीत. म्हणजे एका बाजूला धर्म सोडला म्हणून राग, दुसऱ्या बाजूला पुरेशी आज्ञाधारक नाही म्हणून नाराजी.

आणि १८९३ साली तर सदनच हादरलं. काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या, तशी वर्तमानपत्रांत टीका उठली. ज्या थोर सुधारकांनी सल्लागार म्हणून पाठबळ दिलं होतं, न्यायमूर्ती रानडे, डॉक्टर भांडारकर यांच्यासारखे, त्यांनी अंग काढून घेतलं. पुष्कळ पालकांनी मुली घरी नेल्या. अमेरिकेतल्या हितचिंतकांनी दहा वर्षं मदत द्यायचं कबूल केलं होतं, ती मुदतही १८९८ मध्ये संपणार होती.

आणि नेमकं त्याच काळात, १८९६-९७ मध्ये, मध्य प्रांतात दुष्काळ पडला. माणूस म्हणाला असता, आधी आपलं घर सावरू. ही बाई उठली आणि दुष्काळी भागात गेली. आपण भुकेल्या लेकीसारख्या रस्त्यावर चाललो होतो, ते दिवस ती विसरली नव्हती. शेकडो मुली आणि स्त्रिया तिने आणल्या. केडगावला जमीन आधी घेऊन ठेवली होती, तिथे तंबू पडले, झोपड्या पडल्या, आणि त्यातून मुक्ती सदन उभं राहिलं.

माझा सांगण्याचा भाग इथे आहे. टिकून राहणं म्हणजे नुसतं दात-ओठ खाऊन एका जागी उभं राहणं नव्हे. कुणी सोडून गेलं की आपलं सगळं लक्ष त्या गेलेल्यांकडे लागतं. कोण आलं नाही, कुणी वर्गणी बंद केली, कोण दुसऱ्या मंडळीत गेलं. रात्रभर तोच हिशोब. रमाबाईंनी गेलेल्यांचा हिशोब ठेवला नाही असं मी म्हणणार नाही, माणूस आहे, लागलं असेल. पण पाऊल पडलं ते समोर उपाशी बसलेल्यांकडे. ज्या मावशी तीन लेकरांचा वर्ग घेतात त्या हेच करतात. गेलेली तीस मोजत नाहीत, आलेली तीन मोजतात.

तिसरा मुद्दा, आणि मला वाटतं हाच सगळ्यांत अवघड: रोजचा वाटा.

केडगाव नावारूपाला आलं. १९०० च्या सुमाराला तिथे दोन हजारांच्या आसपास माणसं होती. आता बाईंनी थोडं थांबायला हरकत नव्हती. पण त्यांच्या मनाला एक गोष्ट टोचत होती. त्यांच्या मुली, गावाकडच्या, शेतमजुरांच्या, त्यांच्या हाती जे मराठी बायबल होतं ते त्यांना उमजत नव्हतं. भाषा जड, संस्कृत शब्दांनी भरलेली. म्हणून १९०४ च्या आसपास, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी ठरवलं की मूळ इब्री आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत सबंध बायबल आणायचं.

विचार करा. जिला संस्कृतसाठी 'पंडिता' ही पदवी मिळाली, ती आता एकेक संस्कृत शब्द बाजूला काढून ठेवत होती, का, तर जात्यावर दळणाऱ्या बाईला कळावं. त्या स्वतः इब्री-ग्रीक शिकल्या. मुक्तीतच छापखाना होता. मुलीच खिळे जुळवायच्या, छापायच्या, बांधणी करायच्या. आणि हे चाललं किती वर्षं? जवळजवळ अठरा. कान गेलेले, संस्थेचा व्याप डोक्यावर, आणि रोज काही वचनं. रोज.

पुनरुज्जीवनाची मोठी सभा झाली की आपल्या अंगात बळ येतं. मुक्तीतही १९०५ मध्ये मोठं आत्मिक पुनरुज्जीवन झालं, दूरदूरचे लोक बघायला आले. पण बायबल त्या एका वर्षात झालं नाही. ते झालं त्यानंतरच्या साध्या, कुणी बघायला न येणाऱ्या सकाळींत. एका शब्दावर अडायचं, कोश उघडायचा, लिहायचं, खोडायचं, पुन्हा लिहायचं. आपलं पाचारणही बहुतेक असंच पुरं होत असतं. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला जाणाऱ्या बसमध्ये मी कित्येकदा पाळकांना उद्याच्या संदेशाची वही मांडीवर घेऊन बसलेलं पाहिलंय. गाडी हिंदकळते, अक्षर वाकडं येतं, तरी लिहितात. त्याचा फोटो कुणी काढत नाही. पण सेवा तिथे होते.

आता चौथी गोष्ट. ही सांगताना मला जपून सांगावं लागेल.

आईनंतर काम पाहणार ती लेक मनोरमा. शिकलेली, परदेशात राहून आलेली. तिने गुलबर्ग्याला मुलींसाठी शाळा काढली. गुलबर्गा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात, आपले नांदेड-लातूर होते त्याच संस्थानात. केडगावहून सोलापूरकडे जाणारी रेल्वे पुढे तिथेच पोचते. आईने एक दिवा लावला, लेकीने दुसरा, त्याच रुळांवर. आणि जुलै १९२१ मध्ये, चाळिशीतच, मनोरमा वारली.

वडील, आई, बहीण, भाऊ, नवरा, आणि आता एकुलती एक लेक. बायबलचं काम अजून उरलेलं.

रमाबाई प्रुफं तपासत राहिल्या. मुक्तीत असं सांगितलं जातं की शेवटच्या दिवसांत त्यांनी देवाकडे थोडे दिवस मागितले, फक्त हे पुरं होईपर्यंत. काम हातावेगळं झालं, आणि ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. छापलेलं सबंध बायबल १९२४ मध्ये आलं. त्यांनी ते हातात घेतलं नाही.

आता एक प्रश्न मी मुद्दाम विचारतो. आज आपल्या किती मंडळ्यांत रविवारी रमाबाईंचं भाषांतर वाचलं जातं? बहुतेक ठिकाणी बायबल सोसायटीचंच वाचतात. तुमच्या टेबलावरही तेच असेल. मग अठरा वर्षं वाया गेली का? पाचारण पूर्ण झालं की नाही?

इथे आपल्याला ठरवावं लागतं की 'पूर्ण' म्हणजे काय. मोशेने नबो डोंगरावरून देश पाहिला, आत पाऊल ठेवलं नाही, तरी शास्त्र त्याला देवाचा सेवक म्हणूनच निरोप देतं. इब्रीकरांस पत्राच्या अकराव्या अध्यायात विश्वासवीरांची एवढी मोठी यादी येते, आणि शेवटी काय कळतं? की त्यांतल्या कुणालाच वचनाचं पुरतं फळ डोळ्यांनी दिसलं नाही. पौल करिंथकरांना लिहितो त्याचाही अर्थ हाच की लावणारा वेगळा, पाणी घालणारा वेगळा, आणि वाढवणं दोघांच्याही हातात नाही. म्हणजे यश हा आपल्या सेवेचा भाग नाहीच. आपला भाग विश्वासूपणा. रमाबाईंना पुस्तक खपवायला बोलावलं नव्हतं, अडाणी बाईच्या हाती तिच्या बोलीतलं शास्त्र द्यायला बोलावलं होतं. ज्या मुलींनी एकेक खिळा उचलून ते जुळवलं, त्या मुलींना ते मिळालं होतं. तिथेच ते पुरं झालं. पुढचं देवाचं.

आणि कधी कधी आपला वाटा दुसऱ्याच्या हातून पुरा होतो. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तायन लिहायला घेतलं आणि १९१९ मध्ये ते गेले, ग्रंथ अपुरा राहिला. पुढचा फार मोठा भाग लिहिला तो लक्ष्मीबाईंनी. ज्या बाईला नवऱ्याने ख्रिस्ती व्हावं हेच पाच वर्षं मान्य नव्हतं, जिचं शाळेचं शिक्षण नव्हतं, तिने. म्हणून तुमचं काम अर्धं राहील याची भीती असेल, तर घरात, मंडळीत बघा. तुमच्या मागून कोण चालत आहे?

एक सावधगिरीही सांगतो, नाहीतर या संदेशाचा गैरवापर होईल. चिकाटी आणि हट्ट यांत फरक आहे. आजारी असूनही औषध न घेता धावणं म्हणजे विश्वास नव्हे. घरात चूल थंड आणि आपण बाहेर सभा घेतोय, हेही पाचारण नव्हे. वर्ग सकाळी भरत नसेल तर संध्याकाळी भरवा, मंदिरात जमत नसेल तर ऊसतोडीच्या फडावर जाऊन अर्धा तास बसा. पद्धत सोडायला हरकत नाही. माणसं सोडू नका.

आता पुन्हा त्या निरोपाकडे बघा, कारण त्यातली एक गोष्ट मी राखून ठेवली होती. पौल अर्खिप्पाला थेट लिहीत नाही. तो मंडळीला लिहितो की तुम्ही त्याला सांगा. पत्र सगळ्यांसमोर वाचलं जाणार होतं, अर्खिप्प तिथेच कुठेतरी बसलेला असेल. म्हणजे त्याची सेवा पूर्ण होणं ही त्याची एकट्याची जबाबदारी नव्हती. सगळ्या मंडळीने त्याला ते म्हणायचं होतं.

आपण आपल्या सेवकांना काय म्हणतो? संदेश लांबला म्हणतो. आवाज बसला होता म्हणतो. तीन लेकरांना शिकवणाऱ्या मावशीला शेवटचं कधी म्हटलं, "मावशी, तुमचा वर्ग चालू राहू द्या, आम्ही आहोत"? खडू-फळ्याचे पैसे कुणी दिले? गावाला परतलेल्या मुलाला, ज्याचे मार्क कमी पडले, त्याला कुणी जवळ बसवून सांगितलं का की देव तुला विसरलेला नाही?

म्हणून या आठवड्यासाठी एकच काम. तुमच्या मंडळीतला एक अर्खिप्प शोधा. फोन करा, किंवा घरी जा, चहा घ्या, आणि त्याला हा निरोप द्या. आणि तुम्हीच अर्खिप्प असाल, तर आजचा वाटा तेवढा उचला. उद्याचा उद्या.

आपण प्रार्थना करू या.

हे स्वर्गीय पित्या, ज्या सेवेला तू आम्हांला बोलावलंस ती आमची नाही, तुझी आहे. जे थकले आहेत त्यांना विसावा दे आणि पुन्हा उभं कर. ज्यांच्यापुढे दार बंद झालं आहे त्यांना माणसं दाखव. फडावर असलेल्या आमच्या कुटुंबांना सांभाळ, त्यांच्या लेकरांना सुखरूप परत आण, आणि ती येतील तेव्हा वर्ग उघडा असू दे. फळ आम्हांला दिसो वा न दिसो, आम्हांला विश्वासू ठेव. येशूच्या नावाने मागतो, आमेन.

पुढच्या भागात भेटू. तोवर सर्वांना सलाम.